बोटीची शिडी नुसती जोडून भागत नाही

जुन्या बोटीवर पाण्यातून चढण्याची शिडी तुटली तर काय करावे, हे सांगणारा एक मजकूर नाशिकच्या बोटवाल्यांमध्ये बरेच दिवस फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: शिडी स्टेनलेस स्टीलची असल्याने गंजत नाही, म्हणून कोणत्याही वेल्डरकडून साध्या रॉडने ती जोडून घ्यावी, भोके सैल झाली असतील तर जाड स्क्रू पिळून वरून सिलिकॉन भरावे, धरणाचे पाणी गोडे आहे, त्यामुळे आणखी काळजीचे कारण नाही. गंगापूर धरणात जुनी फायबरची बोट घेऊन उतरणाऱ्या कोणीही हा सल्ला मानू नये, असे मला कळकळीने वाटते.

सर्वांत घातक मुद्दा स्क्रूचा आहे. जुन्या बोटींच्या मागच्या भिंतीत अनेकदा दोन फायबर थरांच्या मध्ये प्लायवुड असते आणि स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी ते आतून कुजवते. भोक सैल होते ते बहुधा याच कारणाने. मग त्याच कुजक्या लाकडात जाड स्क्रू पिळला तरी तो धरणार कशाला? समजा, ७५ किलोचा माणूस भिंतीपासून ३० सेंटिमीटर बाहेर लटकला आणि वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये १० सेंटिमीटर अंतर असले, तर वरच्या स्क्रूंवर बाहेर खेचणारा ताण सुमारे २२५ किलोचा पडतो. म्हणून आधी भिंतीवर नाण्याने ठोकून पाहावे. जिथे आवाज बद्द येतो, तिथले कुजलेले प्लाय कोरून काढावे, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि नवे प्लाय इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) बसवावे. प्लाय शाबूत असेल तर भोक मोठे करून त्यात दाट केलेले इपॉक्सी भरावे, ते कडक झाल्यावर मधोमध नव्याने भोक पाडावे आणि आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने रुंद पट्टी व नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे) लावावेत. भोकाच्या कडेला इपॉक्सीचे अखंड कडे राहते, त्यामुळे पुढे सीलंट सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. सिलिकॉनचा तेलकट अंश फायबरवर उरतो आणि नंतर त्यावर इपॉक्सी नीट चिकटत नाही. पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट वापरणे बरे.

वेल्डिंगबद्दलचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. स्टेनलेस स्टील टिकते ते पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. साध्या लोखंडी रॉडने जोड दिला की त्या जागी तो थर धड तयारच होत नाही, आणि शिडी पहिल्यांदा तिथेच गंजते. ३०४ ग्रेडच्या (स्टेनलेसच्या नेहमीच्या प्रकारच्या) पाइपाला ३०८एल फिलर, म्हणजे जोड भरणारी त्याच जातीची तार, लावून आर्गन वेल्डिंग करून घ्यावे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत हे काम जाणणारे कारागीर मिळतात. वेल्डिंगनंतर उरलेला निळसर-तपकिरी डागही पिकलिंग पेस्टने (आम्ल असलेल्या लेपाने) किंवा स्वच्छ घासून काढला पाहिजे, कारण त्या डागाखालचे क्रोमियम कमी झालेले असते. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल ३०४ आहे, असे समजू नये. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या २०२ ग्रेडलाही तो सहसा चिकटत नाही.

गोड्या पाण्याचा मुद्दा काही अंशी खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. समुद्रावर ज्या ३१६ ग्रेडचा आग्रह धरतात, त्याची येथे गरज नाही. परंतु स्टेनलेसच्या शिडीत लोखंडी बोल्ट किंवा अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट घातले, तर गोड्या पाण्यातही शिडी शाबूत राहून तेच आधी झिजतात, आणि भार तर त्यांच्यावरच असतो.

त्याच मजकुरात शेवटी असेही म्हटले आहे की शिडी नसली तरी पोहणारा माणूस बोटीच्या काठाला धरून वर येतो. थंडीत निफाडचा पारा एक आकडी होतो, त्या दिवसांत धरणाच्या पाण्यात बराच वेळ राहिलेल्या माणसाच्या बोटांतली पकड कमी होते, आणि भिजल्या कपड्यांनिशी उंच काठावरून स्वतःला वर ओढणे धडधाकट तरुणालाही जमेलच असे नाही. दोरीची शिडीही पुरत नाही, कारण पाय टेकताच ती बोटीखाली सरकते आणि माणूस पाठीवर आडवा होतो. दुरुस्तीनंतर म्हणूनच बोट छातीभर पाण्यात उभी करून, आपल्यातल्या सर्वांत वजनदार माणसाला दोन-तीनदा चढायला सांगावे आणि त्या वेळी आतून पट्टीकडे लक्ष ठेवावे. पट्टी जराही हलली, तर बोल्ट काढून आतले लाकूड पुन्हा तपासावे.