वरच्या मजल्याला प्रेशर येईल का?

माशांच्या दर टाकीला हवेचा एक पंप, दर पंपाला एक प्लग, आणि दर प्लगवरून घरात एक भांडण, कारण मोबाइल चार्ज करायला जागाच उरत नाही. म्हणून एकाच मोठ्या पंपाने सगळ्या टाक्यांना हवा पुरवायचं ठरवलं. भिंतीवरून अर्धा इंची पीव्हीसी पाइप फिरवायचा, दोन्ही टोकं जोडून कडं करायचं म्हणजे दाब सगळीकडे जवळपास सारखा राहतो, आणि टाकीगणिक एक बारीक कॉक बसवायचा.

प्लंबरने पाइप पाहिला, टाक्या पाहिल्या.

"साहेब, पाणी कुठून येणार?"

"पाणी नाही, हवा सोडायचीय."

"हां. आमच्या नळाला पण नऊनंतर हवाच येते."

मग वरच्या कप्प्याकडे बघत म्हणाला, "तिथे प्रेशर नाही यायचं हां." सोसायटीतला अनुभव बोलत होता. पण हवेला मजले कळत नाहीत, तिला कळते ती पाण्याची खोली. हवेचा दगड, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा, जितका खाली, तितका जोर जास्त लागतो, फुटाला साधारण ०.४३ पीएसआय दाब. फुकट कष्ट करायला हवा काही खुळी नाही. ती सरळ उथळ पाण्याकडे वळते.

पंप सुरू केला. एंजल माशांच्या दीड फूट खोल टाकीत एक बुडबुडा निघेना आणि फायटरच्या वीतभर बरणीत वादळ. फायटर मुळात वर येऊन तोंडाने हवा घेणारा मासा, त्याला या योजनेची गरजच नव्हती. लाभार्थ्यांच्या यादीत पहिलं नाव मात्र त्याचंच.

फायटरचा कॉक केसभर आवळला. एंजलकडे दोन बुडबुडे आले, पण गप्पींचा हवेवर चालणारा स्पंज फिल्टर जोरात गुडगुडायला लागला. गप्पींचा आवळला, तर मॉलींकडे कारंजं. सगळेच आवळले, तर पंप कण्हायला लागला. दाब असा तुंबला की आतला रबरी पडदा लवकर फाटतो. म्हणून पाइपला एक जादा कॉक लावून उरलेली हवा बाहेर सोडून द्यायची असते. हवा मुद्दाम वाया घालवणारा हा कॉक आईला काही केल्या पटेना. जन्मभर गळके नळ बंद करत आलेली बाई ती, येताजाता हाही घट्ट बंद करून जायची.

पंप पाण्याच्या पातळीच्या वरच हवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. नॉन रिटर्न वॉल्व्ह असतात, पण त्यांचा काय भरवसा! म्हणून पंप माळ्यावर गेला. माळा आमच्या बेडरूममध्ये. आता रात्रभर डोक्यावर घुंऽऽ.

परवा मध्यरात्री वीज गेली. इन्व्हर्टर पंपाला जोडलेला, पंख्याला नाही. अंधारात घुंऽऽ मात्र अखंड चालू. घाम पुसत बायको उठून बसली.

"तो जादा कॉक आहे ना," ती म्हणाली, "त्याला एक नळी लाव आणि माझ्या उशाशी आणून सोड."