सहावी संवेदना राहिली की!

संवेदी मज्जातंतूंवरचा (शरीराकडून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या तंतूंवरचा) एक लेख वाचला; त्यात लेखक 'स्पर्श, वेदना, उष्ण-थंड' एवढ्यावरच थांबलेत. पण पाय या क्षणी कुठे आहे, गुडघा किती वाकलाय, हे न बघता कळणं हीसुद्धा संवेदनाच आहे. तिचे निरोप स्नायू, कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) आणि सांध्यांतून निघतात आणि जाड, वेगवान तंतूंमधून मेरुरज्जूच्या (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड दोराच्या) मागच्या भागातून वर मेंदूकडे जातात. वेदनेची वाट वेगळी. त्यामुळे टाचणी टोचलेली कळते, तरी चालताना झोकांड्या जातात, असंही होऊ शकतं.

माझ्या वडिलांना जुना मधुमेह. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की त्यांचा तोल जायचा. नातेवाइकांचं एकच पालुपद, 'बीपी बघून घ्या.' डॉक्टरांनी पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले, आणि बाबा डोलायला लागले. पायाच्या अंगठ्यावर ठेवलेल्या ट्यूनिंग फोर्कचं (थरथरणाऱ्या धातूच्या चिमट्याचं) कंपनही त्यांना जाणवलं नाही. पावलांची ही जाणीवच कमी झाली होती; एरवी नजर सांभाळून घेत होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. (चप्पल पायातून निसटली तरी ते तसेच पुढे जायचे, याला आम्ही वेंधळेपणा म्हणायचो!) पावलांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब, कमरेपासून जवळपास मीटरभर, म्हणून मधुमेहात बहुधा आधी तेच बिघडतात. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतही असा तोल जाऊ शकतो. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) घेणाऱ्यांनी, त्यातही शाकाहारी असाल तर, बी-१२ एकदा तपासून घ्यावं.