सिमवर हार्नेस म्हणजे नुसता शो? अजिबात नाही

सिम रेसिंगवाल्यांमध्ये (घरी सीट, स्टीयरिंग आणि पेडलची रिग उभारून कॉम्प्युटरवर रेस करणाऱ्यांमध्ये) हार्नेसबद्दल, म्हणजे रेसिंग गाडीतल्या खांदे-कंबर बांधणाऱ्या बेल्टबद्दल, एक मेसेज सारखा फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: "घरच्या रिगवर हार्नेस लावणं म्हणजे फोटोपुरता शो. गाडी जागची हलत नाही, जी-फोर्स शून्य, मग बेल्ट धरणार काय? तरी हौस असेल तर कुठलाही जुना बेल्ट घ्या, फ्रेमला जागा दिसेल तिथे आवळा, काही फरक पडत नाही. पुढे ट्रॅकवर गेलात तर तोच खऱ्या गाडीत लावता येईल, पैसे वसूल." यातलं थोडं अर्धवट खरं आहे, बरंचसं चूक आहे आणि शेवटचं वाक्य तर जिवावर बेतणारं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जी-फोर्स शून्य, मग बेल्ट धरणार काय?"

जी-फोर्स, म्हणजे गाडीचा वेग किंवा दिशा बदलताना अंगावर येणारा जोर, नाही हे मान्य. एफ-वन गाडीत कचकन ब्रेक लागला की ड्रायव्हरवर साधारण ५ जी (स्वतःच्या वजनाच्या पाचपट जोर) येतात, घरी त्यातलं काहीच नाही. पण सिमवरचा बेल्ट जी-फोर्सविरुद्ध धरतच नाही, तो तुमच्याच पायाच्या जोराविरुद्ध धरतो. लोड सेलवालं पेडल किती सरकलं ते नाही, तुम्ही किती जोर लावला ते मोजतं, आणि बरेच जण ते ५०-६० किलोच्या जोरावर सेट करतात. आता पायाने तेवढा जोर लावला की तेवढाच जोर उलटा तुमच्या अंगावर येणार. फॉर्म्युला पोझिशनमध्ये (एफ-वनसारखं मागे रेलून बसणं) पाय वर असतात म्हणून तो पाठीत आणि सीटच्या तळात जिरतो. जीटी पोझिशनमध्ये (साध्या गाडीसारखं बसणं) पेडल खाली, त्यामुळे धक्का मागे आणि वर जातो, पाठ टेकलेलीच असते पण कंबर सीटवरून वर सरकते आणि हे चालवताना कळतही नाही.

बघायचंय? बेल्ट न लावता नेहमीसारखे बसा, स्टीयरिंगच्या वरच्या कडेमागे स्क्रीनवरचं काय काय झाकलं जातंय ते नीट बघून ठेवा आणि ब्रेक पूर्ण दाबा. माझ्या रिगवर गिअरचा आकडा कडेमागे अर्धा लपलेला असायचा आणि ब्रेक दाबला की पूर्ण दिसायचा, म्हणजे डोकं तेवढं वर जात होतं, आणि डोकं वर जातं म्हणजे कंबर वर, म्हणजे गुडघ्याचा कोन बदलला, म्हणजे प्रत्येक ब्रेकला पाय वेगळ्या जागेवरून जोर लावतोय. लॅप बेल्ट (कमरेवरचा पट्टा) लावल्यावर तो आकडा जागचा हलला नाही. मला हार्नेसचं महत्त्व तिथे पटलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो, सीटची पाठ किंवा सीटचे ब्रॅकेट ब्रेकला वाकत असतील तर बेल्टने काही होणार नाही, ते आधी दुरुस्त करा. चाकं असलेल्या ऑफिसच्या खुर्चीवर बसून चालवत असाल तर हार्नेसचा विचारच नको.

आणि मोशन रिग (गेमप्रमाणे हलणारी रिग) किंवा बेल्ट टेन्शनर असेल तर "शो" म्हणणं निव्वळ अज्ञान आहे. टेन्शनरमध्ये मोटर गेमच्या टेलिमेट्रीवरून (गेममधून येणाऱ्या वेग, ब्रेक वगैरेच्या आकड्यांवरून) खांद्याचे पट्टे ओढते. खऱ्या गाडीत ब्रेकला अंग पुढे जातं आणि पट्टा अडवतो, इथे अंग जागेवरच आणि पट्टा मागे येतो, पण छातीवर दाब त्याच क्षणी पडतो आणि ब्रेक हळूहळू सोडताना तो कमी होत जातो, ते इतकं स्पष्ट कळतं की कॉर्नरमध्ये ब्रेक किती उरलाय हे छातीवरून समजायला लागतं. फक्त मोटरची ताकद आधी अगदी कमी ठेवून सुरुवात करा आणि वीज तोडायचं बटण बसल्या जागी हाताला येईल असं हवं, यात तडजोड नको.

"कुठलाही जुना बेल्ट घ्या"

इथे अर्धं खरं आहे. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या ८८५३/९८ स्टँडर्डच्या बेल्टना ५ वर्षांची मुदत असायची, एसएफआय या अमेरिकन सेफ्टी संस्थेच्या १६.१ वाल्यांना तर २ वर्षांची. मुदत संपलेला बेल्ट रेसमध्ये चालत नाही पण घरच्या रिगवर खुशाल चालतो, आणि बऱ्याचदा तो सिमसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या पट्ट्यांपेक्षा उजवा असतो.

पण "कुठलाही" नाही. खांद्याचे २ इंची पट्टे हान्स डिव्हाइसवर (खांद्यावर बसणारं, हेल्मेटला जोडून मान सांभाळणारं उपकरण) बसतील असे केलेले असतात, घरी पातळ टी-शर्टवर तासभर बसलात की ते मानेशी रुततात, ३ इंची घ्या. बकल फिरवून उघडणारं घ्या, एका हाताने सगळे पट्टे सुटतात. लॅप बेल्ट वर ओढून आवळायचा असेल तर उत्तम, बकेट सीटमध्ये कोपर बाहेर काढायला जागाच नसते. पॉइंट, म्हणजे बेल्ट बांधायच्या जागा, किती? चार पॉइंटमध्ये खांदे आवळले की बकल पोटावर चढतं, मांड्यांमधले पट्टे त्याला खाली धरून ठेवतात. खांदे सैलच ठेवणार असाल तर चार पुरे, टेन्शनर लावणार असाल तर पाच किंवा सहा हवेतच, आणि मग सीटच्या तळात त्या पट्ट्यासाठी भोक आहे का ते आधी बघा.

"जागा दिसेल तिथे आवळा"

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं. मीही पहिल्यांदा खांद्याचे पट्टे सीटमागे खाली, तळाच्या फ्रेमला बांधले होते, तिथे आयतं भोक होतं म्हणून. दिसायला झकास. दीड तासाची रेस संपल्यावर खांदे असे भरून आले की दुसऱ्या दिवशी मान वळेना, कारण पट्टा मागे न ओढता सरळ खाली ओढत होता आणि सगळा ताण मणक्यावर. एफआयएच्या नियमात बऱ्याच वर्षांपासून लिहिलंय की सीटच्या वरच्या कडेपासून पट्टा आडव्या रेषेच्या खाली ४५ अंशांपेक्षा जास्त उतरू नये, आणि शक्यतो १० अंशांच्या आत असावा. म्हणजे सीटमागे खांद्याच्या भोकांच्या उंचीला, किंवा किंचित खाली, एक आडवा बार हवाच. ॲल्युमिनियम प्रोफाइलची रिग असेल तर दोन उभे तुकडे, एक आडवा, कोपऱ्यात अँगल ब्रॅकेट, संध्याकाळभराचं काम. पट्टा बारला गुंडाळणार असाल तर तीन दांड्यांच्या पट्टीतून शेवट परत उलटा ओवून घ्या, नाहीतर तो गुपचूप सरकत राहतो. हुकवाले असतील तर आय-बोल्टचं (डोक्याला कडी असलेल्या बोल्टचं) तोंड पट्ट्याच्या ओढीच्या दिशेला हवं.

लॅप बेल्ट पोटावर नाही, मांडी आणि कमरेच्या घडीत, कमरेच्या हाडाखाली बसला पाहिजे. खऱ्या गाडीत बेल्ट सीटला किंवा सीटच्या सपोर्टला बांधायला एफआयएची मनाई आहे, पण घरी आदळायचं नाहीये, त्यामुळे लॅप बेल्ट सीटच्या साइड ब्रॅकेटला लावलात तर उलट सोय होते, सीट स्लायडरवर पुढेमागे केली तरी पट्ट्याचा कोन तोच राहतो.

"तोच खऱ्या गाडीत लावता येईल"

नाही, नाही आणि नाही. सिमचे म्हणून मिळणारे कित्येक बेल्ट कुठल्याही टेस्टमधून गेलेले नसतात, दिसतात मात्र हुबेहूब. आणि मुदत संपलेल्याचं कापड ऊन, घाम, घासणं यांनी आतून कमजोर झालेलं असू शकतं, ते हाताने ओढून कळत नाही, आदळल्यावरच कळतं. माझ्या बेल्टवर मी दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांवर पांढऱ्या मार्करने ठळक "फक्त सिम" लिहिलंय आणि मुदतीचं लेबल कापून टाकलंय, उद्या मी विकला किंवा कुणी उचलून नेला तरी तो कुठल्या गाडीत जाऊ नये म्हणून. तुम्हीही आजच लिहा.