नुसत्या पेपरानं नीतिमत्ता येणार नाही
अभियांत्रिकीला व्यावसायिक नीतिमत्तेचा स्वतंत्र पेपर हवा, असं एका लेखात वाचलं. ठेवा, पण पोरं व्याख्या पाठ करून मोकळी होतील. त्यापेक्षा त्यांना मुंबईत सीएसएमटी स्टेशनजवळ नेऊन उभं करा. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी तिथला हिमालय पादचारी पूल कोसळला, घरी निघालेली माणसं जिवानिशी गेली. आधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे पुलाच्या मजबुतीच्या तपासणीत, किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायोग्य ठरवला होता! सही करण्याआधी काय काय तपासायला हवं होतं, हे वर्गात विचारा.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला काँक्रीटच्या २८ दिवसांच्या क्यूब टेस्टचा (ठोकळा दाबून मजबुती मोजायच्या चाचणीचा) आकडा ‘जुळवून घे’ म्हणून सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. पण साहेबाला नाही कसं म्हणायचं, हे कॉलेजच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. हात अक्षरशः कापत होते.