फोटो लावा, पण एसटीचं वेळापत्रकही बघा

कॉलेजचा विज्ञान विभाग सर्वांना आपला वाटावा म्हणून भिंतीवर शास्त्रज्ञ स्त्रियांचे फोटो लावा, असं एका लेखात म्हटलंय. लावा की! 1933 मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी थेट संचालक सी. व्ही. रामन यांच्याशी भांडावं लागलं, हे मुलांना कळू दे. पण आमच्या राजापूरकडच्या खेड्यांतल्या मुलीचं प्रॅक्टिकल साडेपाचला संपतं आणि गावची शेवटची एसटी पाचला सुटते, त्याचं काय? घरचे म्हणतात, बीए कर. बॅच सकाळी घ्यायला पैसे लागत नाहीत. 2016 च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजांच्या प्रवेशात दिव्यांगांना 5 टक्के जागा आहेत, प्रयोगशाळा मात्र दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची! आणि प्राणिशास्त्रवाल्यांनो, कोळीवाड्यातली मुलं मागच्या बाकावर गप्प असतात. माशांच्या तासाला त्यांनाच फळ्याजवळ बोलवा.