तिसऱ्या दिवशी घरी कोण येतं?

माझी लेक सिझेरियननंतर चौथ्या दिवशी बाळाला घेऊन घरी आली. माहेरी, माझ्याकडे. सगळी तयारी होती. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिशवाल्या मावशी, मऊ सुती लंगोटांची चळत. शिवाय दोन मुलं अंगावर पाजून वाढवलेली मी. तरी पाचव्या रात्री आम्ही तिघी रडत होतो.

लेकीची छाती दाटून दगड झाली होती, निपलला चिरा पडल्या होत्या. बाळ तोंड लावायचं, सुटायचं, किंचाळायचं. आणि मी म्हणाले, "तुला दूध पुरत नाहीये गं." ते वाक्य आजही मला टोचतं. दूध भरपूर होतं, फक्त बाळाला ते ओढता येत नव्हतं. दोन बाळंतपणं होऊनही हा फरक मला कळत नव्हता.

सकाळी मैत्रिणीच्या सुनेने एका लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे अंगावर पाजायला शिकवणाऱ्या ताईंचा नंबर दिला. त्या घरी आल्या, हात धुतले आणि आधी नुसत्या बघत बसल्या. मग लेकीला हाताने थोडं दूध काढायला सांगितलं, म्हणजे पुढचा भाग मऊ होतो आणि बाळाला धरता येतो. बाळाचं पोट आईच्या पोटाला, मान सरळ. तोंड जांभईएवढं मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग आधी हनुवटी टेकवायची. नुसतं निपल नाही, खालचा काळा भाग जास्त तोंडात जायला हवा. दहा मिनिटांत आम्हाला गिळण्याचा आवाज ऐकू आला. लेकीने खांदे सैल सोडले, ते मी पाहिलं.

त्यांनी बाळाचं वजनही केलं. जन्माचं २.९ किलो, त्या दिवशी २.६८. मी घाबरले. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवसांत एवढं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं किंवा बाळ सुस्त झालं, तर लगेच डॉक्टरांकडे जायचं. रडण्यावरून दूध मोजू नका, दिवसाला सहा तरी शू होतात का ते मोजा. वरचं दूध द्यायची वेळ आलीच तर वाटी-चमच्याने द्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. आमच्या आज्या बोंडल्याने पाजायच्याच की!

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. गावात आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, बाळंतपणानंतर ठरलेल्या दिवशी घरी येते, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि २०११ पासून ती देशभराच्या सरकारी कार्यक्रमात आली. आमच्या सोसायटीत मात्र, लिफ्ट आहे, सीसीटीव्ही आहे, तिसऱ्या दिवशी कोणी येत नाही. दवाखान्यातून निघताना आमच्या हातात औषधांची यादी होती, पाजण्याबद्दल एक ओळ नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं की देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं ४१.८ टक्केच. म्हणजे दवाखान्यात पोहोचून काम संपत नाही.

अशा ताईंना घरी बोलावणं काहींना श्रीमंतांचे चोचले वाटतात. मालिशवाल्या मावशींना आपण महिनाभराचे पैसे आनंदाने देतो आणि दिलेच पाहिजेत. मग ही एक भेट महाग कशी? फक्त बोलावण्याआधी प्रशिक्षण कुठे झालंय ते विचारा. आणि कोणी पावडरच्या डब्याचं किंवा बाटलीचं नाव सुचवत असेल तर दार लावून घ्या. बाळांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंद आहे.

पुढच्या महिन्यात भाचीची तारीख आहे. डोहाळजेवणाला मी चांदीची वाटी देणार होते. ती रद्द केली आणि ताईंच्या दोन भेटींचे पैसे भरून ठेवलेत, एक तिसऱ्या दिवशीची, एक दहाव्या.