‘एसी खोली’बद्दल

नमस्कार.

घरात वापरलेल्या लाकडात कार्बन साठून राहतो, अशा अर्थाच्या लाकडी बांधकामावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “झाडं तोडून हवामान वाचवायचं, हा शोध एसी खोलीत बसूनच लागतो. चाळीस वर्षांचं झाड तोडलं की तेवढा कार्बन परत शोषायला चाळीस वर्षं लागतात, हे लेखिकेला कोणी सांगेल का?” पुढे वाळवी, आग आणि लाकडाचा भाव.

आधी माझी चूक. घनफूटभर सागात 33 किलो कार्बन असतो, असं मी लिहिलं होतं. तुम्ही हरकत घेतलीत ती बरोबर आहे. घनफूटभर सुका साग साधारण 18 किलो भरतो, त्यात कार्बन निम्मा, 9 किलो. 33 किलो हा त्यासाठी झाडाने हवेतून ओढलेला कार्बन डायऑक्साइड. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ती एसी खोली. माझे आजोबा राजापूर तालुक्यात सुतार होते. वाकस आणि रंधा यांच्या आवाजात मी वाढले. भुसा अंगाला लागून येणारी खाज मला पुस्तकातून कळलेली नाही. आमचं घर त्यांनी स्वतः उभं केलं: सागाच्या तुळया, किंजळाचे वासे, वर कौलं. 2004 साली भावकीने ते पाडून स्लॅब घातला. मी विरोध केला, तेव्हाही मला “शहरात राहून शिकवू नकोस” हेच ऐकावं लागलं होतं. म्हणून तुमचं ते एक वाक्य मला इतकं लागलं.

आज त्या स्लॅबच्या सळ्या खाऱ्या हवेने गंजून फुगल्यात, माजघरात गिलावा पडतो. आणि आजोबांच्या तुळया? शेजारच्या गावातल्या एकाने विकत घेतल्या. गेल्या मे महिन्यात मी त्या त्याच्या पडवीत पाहिल्या, हात लावून पाहिल्या. त्यांतला कार्बन अजून तिथेच आहे. सिमेंटचं तसं नाही. एक टन क्लिंकर (दळून सिमेंट होतं ते भट्टीतले खडे) भाजताना, कोळशाचा धूर धरलाच नाही तरी, नुसत्या चुनखडीतून अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. तो भट्टीतच हवेत गेलेला असतो.

तुमच्यासारखाच विचार सरकारनेही केला होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 मध्ये लाकडाच्या वापरावर बंदी घातली आणि 2020 मध्ये स्वतःच उठवली. नॉर्वेत ब्रुमुंडाल इथे 2019 मध्ये 85 मीटर उंचीची लाकडी इमारत उभी राहिली. ती बांधणारे सगळे एसीत बसले होते, असं म्हणणार का?

चाळीस वर्षांचं म्हणाल, तर मी लागवडीच्या सागाबद्दल लिहिलं होतं, देवराईबद्दल नाही. तोडला तिथे पुन्हा लावायचा, ही अट लेखात दोनदा आहे. लेख पुरता वाचला असता तर हा प्रश्न पडला नसता. जाड तुळई वरून कोळसते आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलतो, हेही तिथेच आहे.

आणि “लेखिकेला कोणी सांगेल का” असं कुणा तिसऱ्याला विचारू नका. मी इथेच आहे, मला सांगा. वाळवी आणि भाव यांवर आज लिहीत नाही. ते नीट विचारलंत तर लिहीन.